डेल्फीनच्या हॉटडॉगवरचा लाल

काउंटरखाली बसून सोड्याच्या रिकाम्या बाटल्या खोक्यात लावता लावता डेल्फीनने ते भांडण ऐकलं. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. वर तिचे वडील काझिमिर आणि काका झेनन आधी पोलिशमध्ये दबक्या आवाजात बोलत होते, मग आवाज चढला, मग दोघंही इंग्रजीवर आले. इंग्रजीवर आले म्हणजे आता गिऱ्हाइकांनाही सगळं कळू दे, अशी दोघांची तयारी झाली होती. भांडण होतं केचपच्या एका बाटलीवरून. काकांनी ती सकाळी आणून मोहरीच्या भांड्याशेजारी ठेवली होती.

"पोरं मागतात, दादा," काका म्हणाले. "पोराने मागितलं तर द्यायला तुझं काय जातं?"

"मागू दे. लाल फासलं की सॉसेज काय आणि बूट काय, चव एकच."

पुढचं डेल्फीनला दिसलं ते फक्त जमिनीलगतचं. बाटली दाराबाहेर जाऊन फुटली. काकांचे बूट वळले, उंबऱ्याशी जरा थांबले, आणि गेले. मग वडिलांनी तिला बादली दिली आणि फुटपाथ धुवायला सांगितलं. बाहेर काकांचा ट्रक उभा होता आणि त्यात काकांची मुलगी लॉटी, हिच्याच वयाची, दोन वेण्यांची, काचेला नाक लावून बसली होती. डेल्फीन पाणी ओतत होती, लाल ओघळ गटाराकडे जात होता, आणि लॉटी बघत होती. दोघी एकमेकींना काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं पुढे जवळजवळ साठ वर्षं पुरलं.

काकांनी चार रस्ते सोडून आपली वेगळी टपरी काढली. तिथे प्रत्येक टेबलावर लाल बाटली. चर्चमध्ये दोन्ही घरं दोन कडांना बसायला लागली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरांत पातळ पांढरी पापडी घरातल्या प्रत्येकाबरोबर मोडून खातात, वर्षाचे रुसवे त्यात मिटतात. काझिमिर दर वर्षी भावाच्या नावाचा तुकडा ताटात ठेवायचे, वाट बघायचे, आणि वाया जाऊ नये म्हणून शेवटी स्वतःच खाऊन टाकायचे. म्हातारे गेले तेव्हा पोरींकडे घरं आली, भांडी आली आणि भांडणही आलं. लॉटीच्या वडिलांची टपरी बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान झालं. दोघी आता भेटायच्या त्या फक्त कुणाच्या अंत्यविधीला, आणि तिथेही कॉफीच्या टेबलाच्या दोन टोकांना.

डेल्फीन वोय्तास मात्र आर्चर अव्हेन्यूवरच्या वडिलांच्या टपरीत टिकून राहिली. नवरा बस चालवायचा, तो लवकर गेला. दोन मुलगे अॅरिझोनाच्या उन्हात जाऊन बसले. वस्तीतली पोरं तिला बुशा म्हणायची, म्हणजे आजी, आणि पोरांचं ऐकून मोठेही म्हणायला लागले. तिच्या हातचा हॉटडॉग बापाच्या हातासारखाच: खसखशीचा पाव, पिवळी मोहरी, हिरवंगार लोणचं, कांदा, टोमॅटोच्या दोन फोडी एका कडेला, काकडीच्या लोणच्याची लांब फाक, दोन तिखट मिरच्या, वर सेलरीचं मीठ. लाल म्हणाल तर तेवढा टोमॅटो, आणि तोही सॉसेजपासून अंतर राखून.

वडिलांच्या शेवटच्या काळात त्यांचे हात थरथरायचे. मोहरी पावावर कमी आणि कागदावर जास्त पडायची. पण ते हट्टाने चमचा सोडत नसत. गिऱ्हाइकं निमूट खायची. चेस्टर म्हणून एक कुलूपवाला रोज दुपारी ठरलेल्या स्टुलावर यायचा, तो बोटं चाटून म्हणायचा, "आज काझिमिरकाकांनी मोहरी मनापासून दिलीय." डेल्फीनने तेव्हा पाठ फिरवून कांदा चिरायला घेतला होता. कांद्याचा असा उपयोग तिला पुष्कळदा झाला.

आता तिच्या स्वभावाचं सांगायचं तर संशय हा तिचा श्वास होता. पाववाला पेटी ठेवून गेला की ती अंगठा फिरवून बघायची, खसखस खरी चिकटली आहे की नुसती भुरभुरली आहे. मोहरीचा डबा उघडून आधी हुंगायची. कुणी फार हळू खाल्लं तरी संशय, फार भराभर खाल्लं तरी संशय. आणि भिंतीवरची पाटी वाचून मागणी करणारा माणूस तर तिच्या लेखी आरोग्यखात्याचाच. इथल्या कुणाला पाटी वाचायची गरजच काय?

तर एका वसंतात एक तरुण मुलगी आली, तिने पाटी वाचली. वरून खालपर्यंत वाचली. एक हॉटडॉग घेतला, खिडकीशी बसली, आणि खायचं सोडून वहीत त्याचं चित्र काढायला लागली. पाव गार झाला, लोणच्याचं पाणी सुटलं, तरी ती आपली एक डोळा मिटून बघतेय. डेल्फीनने फडकं घेऊन तिच्या आजूबाजूचं स्वच्छ टेबल तीनदा पुसलं. वहीत सॉसेज होतं, टोमॅटो होता, आणि कोपऱ्यात टपरीचा जुना दिवा.

मुलगी दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. डेल्फीनचा आरोग्यखात्याचा संशय मावळला, कारण ते लोक इतकं नीट बघत नाहीत. मग तिला वाटलं, ही जागा विकत घेणाऱ्यांची माणूस. आर्चरवर तेव्हा तसे लोक फिरत होतेच, गोड बोलायचे आणि छताकडे बघायचे. पण ही छताकडे बघत नव्हती. शेवटी डेल्फीनने चेस्टरला कामाला लावलं. चेस्टर आता निवृत्त होता, आणि उभा जन्म दुसऱ्यांच्या दारांत काढलेला माणूस, चौकशीला त्याचा हात कोण धरणार?

त्याने दोन दिवसांत बातमी आणली. मुलीचं नाव नायेली ओकाम्पो. ती चित्रं छापते, सिगारेटच्या पाकिटाएवढी इवली. गावातलं रोजचं खाणं, दर महिन्याला एक नवं: मक्याच्या पानात उकडलेलं तमाल, भाजलेलं कणीस, ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या तोंडावर मिळणारी जॅम भरलेली तळलेली पाँचकी. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत सिगारेटचं जुनं यंत्र आहे ना, त्यात ती भरते. टोकन टाकायचं, खुंटी ओढायची, डबी पडते. सगळी वस्ती जमवत होती म्हणे. पाद्रीबुवांच्या फ्रिजवर कणीस होतं. खुद्द चेस्टरकडे पाँचकीची दोन होती आणि तमाल एकही नव्हतं, त्यासाठी तो खाटकाशी अदलाबदलीचं बोलत होता.

"आणि राहते कुठे?" डेल्फीनने विचारलं.

चेस्टरने स्टुलावर जरा चुळबुळ केली. "लॉटीच्या इमारतीमागे. लॉटीच्याच गॅरेजमध्ये तिचं छापायचं यंत्र आहे."

डेल्फीनने चिमटा खाली ठेवला. एवढंच तिला हवं होतं. सगळे धागे आपोआप गाठीला येऊन बसले.

महिनाभराने हॉटडॉगचं चित्र आलं. पहिलं चेस्टरनेच आणलं, टोपीत लपवून. डेल्फीनने चष्मा पुसला आणि वेळ घेऊन पाहिलं. चित्र चांगलं होतं, तिच्याच हातचं होतं, मिरच्यांचा तो डावीकडे झुकायचा वाकडेपणासुद्धा पकडला होता. कोपऱ्यात बापाचा दिवा. तिने नाक मुरडून "ठीक आहे" म्हटलं आणि चित्र एप्रनच्या खिशात टाकलं. दिवसभरात ते चार-पाचदा बाहेर काढून पाहिलं, प्रत्येक वेळी काहीतरी खोट सापडेल या आशेने.

खोट दुसऱ्या आठवड्यात चालत आली. रस्त्याच्या कामावरचा एक माणूस हसत हसत खिडकीशी आला आणि म्हणाला, "बुशा, अखेर आणलीस का बाटली? दे मग थोडं केचप." त्याच्या हातातल्या चित्रात सॉसेजच्या अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल फराटा होता.

त्या दुपारी डेल्फीनने कधी नव्हे ते टपरी लवकर बंद केली. घरी जाऊन कालच धुतलेली चादर पिशवीत भरली आणि लाँड्री गाठली, उगाच कुणाला वाटायला नको की बाई चित्रांसाठी आली. चादर यंत्रात फिरत ठेवली आणि ती खुंटी ओढत बसली. एक डबी, दुसरी डबी. कणीस निघालं की चरफडून बाजूला. हॉटडॉग निघाले ते तिने ड्रायरच्या उबदार पाठीवर ओळीने मांडले. पहिल्यात लाल टोमॅटोवर नीट बसलेला. दुसऱ्यात नखाएवढा सरकलेला. तिसऱ्यात अर्धा टोमॅटो पांढरा पडला आणि लाल सॉसेजकडे निघाला. शेवटच्यात तर टोमॅटो फटफटीत आणि सॉसेजवर ठसठशीत लाल, जणू झेननकाकांनीच बाटली उपडी केली होती.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, छापताना चूक झाली. डेल्फीनला त्यात कारस्थान दिसलं. एकदम सगळ्यांवर लाल फासला असता तर लगेच उघड पडलं असतं. हे थोडं थोडं सरकवलं आहे, कुणाला कळू नये म्हणून. इतका सबुरीचा कावा एकाच घराण्यात येऊ शकतो, आणि ते घराणं तिच्या पुरत्या ओळखीचं होतं. बापाने टपरीचं नाव ज्या एका गोष्टीवर राखलं, तीच गोष्ट आता वस्तीतल्या प्रत्येक फ्रिजवर खोटी ठरणार होती. आपण डोळे मिटल्यावर लोक चित्रच खरं मानतील, ही भीती तिला खाऊ लागली. ओली चादर तशीच पिशवीत कोंबून ती निघाली.

लॉटीच्या इमारतीमागच्या बोळात गॅरेजचं बाजूचं दार अर्धवट उघडं होतं. आवाज न करता डेल्फीन जवळ गेली. आत दिवा होता. स्टुलावर लॉटी बसली होती.

अंत्यविधींत लांबून दिसायची त्यापेक्षा ती लहान झालेली दिसत होती. तिच्यासमोर लाल शाईचा ठसा होता, आणि बाकीचे रंग आधीच छापून झालेला एकेक कागद ती त्या ठशावर ठेवत होती. कागद कुठे टेकवायचा त्याच्या खुणा होत्या, पण लॉटीचा उजवा हात खुणेपर्यंत पोचता पोचता पानासारखा हलत होता. डाव्या हाताने तिने उजवं मनगट घट्ट धरलं होतं. तरी कागद खुणेला लागायचा नाही, शेजारी पडायचा. ती यंत्राची मूठ फिरवायची, कागद उचलायची, दिव्याशी धरायची आणि मान हलवायची, समाधानाने.

असा हात डेल्फीनने पाहिला होता. मोहरीच्या चमच्यासकट.

नायेली कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली आणि डेल्फीनला बघून दचकली. तिने मागे दार ओढून घेतलं.

"दोन्या डेल्फीन," ती हळू म्हणाली. मोठ्या बायकांना तिच्या घरी दोन्या म्हणतात. "तुम्ही चित्रांसाठी आलात. मला माहीत आहे ते बिघडलंय."

"ती काय करतेय तिथे?"

"लाल छापतेय. पहिली थोडी मी छापली होती. मग त्या खाली आल्या, चित्र बघितलं, आणि म्हणाल्या, ही काकांची टपरी आहे, याचा लाल मी छापणार. दुसऱ्या कुठल्या चित्राला त्या हात लावत नाहीत."

"आणि तुला दिसत नाही, तो कुठे जातोय ते?"

"दिसतं. त्यांना दिसत नाही. नजरही गेलीय हाताबरोबर." नायेलीने पिशवी खाली ठेवली. "तुमच्या दुकानाचं नाव आहे. तुम्ही म्हणाल तर आत्ता लाँड्रीतलं यंत्र उघडून सगळी काढून आणते. पण मग त्या विचारतील का काढली, आणि मला सांगावं लागेल."

डेल्फीनने चादरीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बोलायचं सगळं तिने वाटेत पाठ करून आणलं होतं, त्यातलं इथे काहीच लागू पडेना. ओल्या चादरीचं पाणी पिशवीतून तिच्या बुटावर ठिबकत होतं.

"तिला सांग, डावं कोपर टेबलावर टेकवून ठेवायचं," ती शेवटी म्हणाली. "बाबांना त्याने जरा बरं पडायचं."

"आणि चित्रं?"

"राहू देत."

मग तिने नायेलीला दरडावलं की मी इथे आले होते हे आत कळता कामा नये, आणि परत आल्यावर आपल्या खिशातलं चांगलं चित्र, तो लाल जागच्या जागी असलेला पहिला छाप, चेस्टरला देऊन टाकलं. चेस्टर आश्चर्याने ते परत करायला निघाला, तेव्हा त्याला तमालसाठी अदलाबदल करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टपरीच्या काचेवर आतून चिकटपट्टीने एक चित्र लागलं होतं. सगळ्यांत बिघडलेलं. चेस्टर स्टुलावर बसायच्या आधी बाहेर उभा राहून ते बघत होता.

"बुशा, हे काय?"

"टोमॅटो आहे."

"टोमॅटो सॉसेजवर?"

"माझ्या टपरीत टोमॅटो कुठे बसेल ते मी ठरवते. तुला खायचंय की तपासायचंय?"

वस्तीने महिनाभर तिची भरपूर टर उडवली. केचप मागणाऱ्याला ती काचेकडे बोट दाखवायची, म्हणायची, तेवढं बघून घे, पावात मिळणार नाही. कुणी खोदून विचारलं तर कांदा चिरायला घ्यायची.

त्या रविवारी टपरी बंद असताना तिने मागच्या दाराने आत जाऊन पाणी उकळत ठेवलं, एक हॉटडॉग केला, मेणकागदात गुंडाळला आणि लॉटीचा जिना चढली. दार साखळी न काढता उघडलं. फटीतून एक डोळा दिसला.

"कोण मेलं?" लॉटीने विचारलं.

"कुणी नाही. दार उघड, गार होतंय."

"मग आलीस कशाला?"

"खायला घेऊन आलेय. विष नाही, हवं तर आधी मी खाते."

"तू खा आधी," लॉटी म्हणाली, आणि साखळी काढली.

डेल्फीनने खरंच एक घास खाऊन दाखवला. मग सुरीने हॉटडॉगचे तुकडे केले, कारण अख्खा पाव त्या हातात टिकला नसता, पण म्हणाली असं की पाव शिळा आहे, कापून बरा लागतो. लॉटीने कपाट उघडून लाल बाटली काढली. दोघी थांबल्या. डेल्फीन उठून खिडकीशी गेली आणि बाहेर बोळात बघत उभी राहिली. मागे बाटलीचा फसफस आवाज आला.

"झालं?" तिने न वळता विचारलं.

"झालं."

मग ती येऊन बसली आणि ताटाकडे न बघता बोलायला लागली. पुढे दर रविवारी हाच शिरस्ता पडला. लॉटी दर वेळी विचारायची की माझं चित्र अजून काचेवर आहे का, लाल नीट आलाय ना. डेल्फीन म्हणायची, नीट आलाय. नाताळच्या संध्याकाळी पापडीही दोघींत मोडली गेली. लॉटीच्या हाताने तिचा चुराच झाला, तो दोघींनी बोट ओलं करून उचलून खाल्ला.

पण संशय काही डेल्फीनला सोडून गेला नाही. लॉटीला सगळं माहीत आहे, हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यांत चिवट. एकदा लॉटीने घास चावता चावता सहज म्हटलं होतं की कोपर टेकवलं की हात कमी हलतो, हे त्या पोरीला कुणी शिकवलं असेल गं? आणि मग ती जरा जास्तच वेळ बाटलीचं झाकण लावत बसली. डेल्फीनने तेव्हापासून तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. पण लॉटी काही हाती लागली नाही.

एका फेब्रुवारीतल्या रविवारी लॉटी साखळी काढून, ताट मांडून वाट बघत बसली आणि कुणी आलं नाही. त्या आठवड्यात बुधवारी डेल्फीन झोपेतच गेली होती. लॉटीला नायेलीने सांगितलं होतं, अंत्यविधीलाही नेलं होतं. तरी रविवारी तिने ताट मांडलंच.

त्याच्या आदल्या रविवारची ही गोष्ट. रात्रभर बर्फ पडला होता. लोकांनी आपापल्या मोटारींपुरती जागा उपसून, दुसरं कुणी बळकावू नये म्हणून तिथे खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, आणि डेल्फीन त्या खुर्च्यांना धरत धरत चालली. टपरीत पाणी उकळलं, पावावर अंगठा फिरवून खसखस तपासली, मोहरी हुंगली. पुडकं कोटाच्या आत छातीशी धरून ती जिना चढली, मधे एकदा जास्त थांबली.

"उशीर केलास," लॉटी म्हणाली.

"रस्त्याला विचार."

तिने तुकडे केले, पावाला नावं ठेवली आणि खिडकीशी गेली. खाली बोळात नायेली गॅरेजसमोरचा बर्फ उपसत होती.

"झालं?"

"थांब, झाकण घट्ट बसलंय," लॉटी म्हणाली. डेल्फीन थांबली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली, ती तिने बाहीने पुसली.

"झालं," लॉटी म्हणाली.

परत जाताना डेल्फीन टपरीवरून गेली. काचेवरच्या चित्राचा एक कोपरा थंडीने सुटला होता. तिने कुलूप उघडलं, आत जाऊन चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली, पुन्हा कुलूप लावलं, ते नीट लागलंय का म्हणून दोनदा ओढून पाहिलं, आणि घरी गेली.